दार जरा उचलून

चिमणी पडद्यामागं गेली तेव्हा आईला वाटलं, लपाछपी चालली असेल. सुट्टीची दुपार होती. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि ती घड्या घालत बसली होती. छोटे मोजे जोडीजोडीनं एकमेकांत खुपसून ठेवायचे, त्यातला एक हमखास एकटा उरायचा. चिमणीनं बाहुलीला उशीवर थोपटून निजवलं होतं, अगदी आईच्याच आवाजात, आईच्याच लयीत, "गप झोप गं माझी राणी, आई आत्ता आली हं," असं म्हणून. तीन वर्षांच्या तोंडात तो आवाज म्हणजे लहान मुलीनं मोठे बूट घालून चालावं तसा वाटत होता आणि तिला हसूच आलं होतं. पडद्याखालून दोन गुबगुबीत पावलं दिसत होती. आणि पलंगावरून, पडदा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून, बाकीचंही दिसत होतं. बाहुलीला औषध पाजायची गुलाबी झाकणाची बाटली चिमणीनं तोंडाला लावली, मान मागं टाकली, डोळे मिटले. मनगटानं ओठ पुसले. आणि मग ती थांबली. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटूनच, काहीही न करता नुसती थांबली, आतून काहीतरी यायचंय आणि ते येईपर्यंत हलायचं नाही अशी. पिण्याची नक्कल कुणीही करील. पण त्यानंतरचं ते थांबणं, पोटातून ऊब वर येईपर्यंतचं, ते तर आईचं एकटीचं होतं. ते बाहेरून दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं. मग चिमणी चवड्यांवर चालत कपडे धुवायच्या मशीनच्या कोनाड्याशी गेली, आत बाटली ठेवली आणि कोनाड्याचं लाकडी दार लावायला वळली. त्या दाराची वरची बिजागरी सैल होती. ते जरा उचलून लावलं तरच करकरत नसे, आणि हे घरात एकाच माणसाला माहीत होतं, किंवा आतापर्यंत तसा तिचा समज होता. कडीपर्यंत चिमणीचा हात पुरत नव्हता. तिनं खालच्या कडेशी बोटं घातली, दात ओठांवर रोवले, दार उचललं आणि बिनआवाज लावलं. मग फिरली, भरभरून हसली आणि बाहुलीला म्हणाली, "चला! आता आपण खूप खूप मज्जा करू या!"

"कसला खेळ गं हा?" तिनं विचारलं. हातातला मोजा तसाच राहिला होता.

"आई-आई."

"आणि ती बाटली?"

"ती आईची असते," चिमणी म्हणाली, एखाद्या अडाणी माणसाला समजावून सांगावं तशी, आणि बाहुलीचे केस विंचरायला लागली.

रडू आलं नाही याचं तिला नवल वाटलं. पुढं अंघोळ करताना, कामावर जाताना, रांगेत उभं असताना ते येईल येईल म्हणून तिनं वाटही पाहिली. पण आलं ते दुसरंच काहीतरी, त्याला कुतूहलाशिवाय दुसरा शब्द सापडेना. चिमणी झोपल्यावर ती त्या खोलीत चिमणीच्या उंचीवर, गुडघ्यांवर बसली. इथून काय दिसत असेल? इथून कोनाड्याचं दार केवढं मोठं, माणसांना गुडघे फार आणि चेहरे कमी. तिचा धंदा डोळ्यांचा होता. चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत ती लोकांचे नंबर काढायची, गोल जड चौकट त्यांच्या नाकावर बसवायची, एकेक भिंग टाकत जायची आणि विचारायची, "हे बरं, की हे?" इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांत इतक्या जवळून पाहिलं, आणि घरातले सगळ्यात बारके दोन डोळे आपल्याला पाहतायत हे तिच्या कधी ध्यानात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा, पण तिला त्या अंधाराचीही उत्सुकता वाटली. किती दिवसांपासून पाहत असेल? काय समजलं असेल? त्या हसण्याचं काय? शेवटचं ते भरभरून हसणं हुबेहूब होतं. तसं गोड ती स्वतः एरवी कधी हसत नव्हती, हे तिला तिथं, गुडघ्यांवर बसल्या बसल्या, कळलं.

नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, "मी एका ठिकाणी जाऊन यावं म्हणते." तो स्वयंपाकघरात भांडी विसळत होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. हातांना ग्रीसचा वास कायमचा, बोलणं मोजकं. त्याला माहीत होतं की नाही हा प्रश्न त्यांच्या घरात एखाद्या अवजड कपाटासारखा होता, दोघंही त्याला वळसा घालून ये-जा करत. तो म्हणाला, "जा की."

"कुठं, असं नाही विचारणार?"

"लिफ्ट अडकली की आतल्या माणसाला मी कधी विचारत नाही, कशाला चढला होतात म्हणून. वर आहात की खाली, एवढंच विचारतो." त्यानं ताटली निथळत ठेवली. "वर आहेस की खाली?"

"मधेच कुठंतरी."

"मग बरंय," तो म्हणाला. "मजल्यांच्या मधे असली की जरा फट मिळते."

शोध असा सुरू झाला, आणि शोधात एक मजा असते हे तिला कबूल करावंच लागलं. दारू सोडू पाहणाऱ्यांची पहिली बैठक एका दवाखान्याच्या तळघरात होती. जिना उतरताना खालून पुरुषी हसण्याचा आवाज येत होता, ती दारात उभी राहिली तसा तो बंद पडला, नळ बंद करावा तसा. सगळे पुरुष. कुणी शर्टाचं वरचं बटण लावलं, कुणी पाय खाली घेतले. एक लठ्ठ, लालबुंद, फार प्रेमळ चेहऱ्याचा माणूस चहाचा पेला घेऊन लगबगीनं पुढं आला. "या ना वहिनी, बसा, बसा. साहेब येतायत ना मागून?" ती खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा घट्ट धरून उभी होती, पिशवीत चिमणीची जादा चड्डी, ओले रुमाल, अर्धं खाल्लेलं बिस्कीट. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो. गाडी लावतायत." उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांच्याकडे गाडी नव्हती. मग तिनं तो चहा प्यायला, सावकाश, नसलेल्या गाडीतल्या नसलेल्या दारुड्या नवऱ्याची वाट बघत. तोवर त्या माणसांनी तिला धीर दिला. "येतील हो, पहिल्यांदा जड जातं. मला तर माझ्या मेव्हण्यानं उचलून आणलेलं, खुर्चीसकट!" सगळे पुन्हा हसले. तिला ते आवडले, हेच वाईट झालं. पेला संपल्यावर "बघून येते हं" म्हणून ती जिना चढून गेली ती गेलीच. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. रस्त्यावर आल्यावर तिला हसू फुटलं, आणि नवऱ्याला ही गंमत सांगावी असं इतकं वाटलं, की घरी जाऊन काहीच न सांगता झोपणं कठीण झालं.

दुसरी बैठक फक्त बायकांची. तिथं मेणबत्तीला लव्हेंडरचा वास होता, उशांना जाळीदार अभ्रे होते आणि एकीपाठोपाठ एक बाया इतक्या नीटस वाक्यांत बोलत होत्या, की त्यांची वाक्यंसुद्धा इस्त्री करून आणली असावीत. कुणी "माझा प्रवास" म्हणालं. तिला आपलं आठवलं: कोनाडा, साबणाच्या पावडरीचा शिंका आणणारा वास, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली बाटली. त्यात प्रवास कसला, दोन पावलं तर होती. तिथून ती पुरतं ऐकून आली, पण चपला घालतानाच तिनं ठरवलं, ही नव्हे. तिसरी घरबसल्या होती, संगणकाच्या पडद्यावर चौकोनाचौकोनात माणसं. चिमणी मांडीवर चढली, एका टकल्या चौकोनाला म्हणाली, "आजोबा, केस कुठेत?" आणि कुणीतरी थकलेल्या आवाजात म्हणालं, "ज्यांच्याकडं बाळ आहे त्यांनी आवाज बंद ठेवा, प्लीज." तिनं संगणकच बंद केला. ही फार पुरुषी, ती फार स्वच्छ, ती फार सपाट. दुकानात असं एखादं गिऱ्हाईक येतं. हे बरं की हे? दोन्ही सारखीच. आणि हे? हं, पण आणखी एखादं दाखवा ना. चौकटीत भिंगं टाकून टाकून हात दुखतात, शेवटी तिच्या लक्षात येतं, की या माणसाला दिसत नाही असं नाहीच मुळी. खालची बारीक ओळ वाचली तर नंबर ठरेल, आणि नंबर ठरला की चष्मा लागेल, म्हणून हा शोधतोय. अशा वेळी ती हलक्या हातानं चौकट काढून घेते, म्हणते, "डोळे दमले असतील. जरा मिटून बसा." स्वतःला हे कुणी म्हणायचं?

कारण कोनाड्यात एक बाटली अजून होती. साबणाच्या डब्याच्या पाठीमागं, भिंतीला लागून. योग्य बैठक सापडली की त्याच दिवशी ती मोरीत ओतायची, असं तिनं ठरवलं होतं, आणि हे ठरवणं इतकं सोयीचं होतं की त्यावर हात ठेवून ती शांत झोपू शकत होती. चिमणीच्या खेळानंतर तिनं घेतली नव्हती असं नाही. घेतली होती. फक्त आता पडद्यामागं न जाता, नळ सोडून, आणि त्यानंतर थांबायची नाही. लगेच काहीतरी हलवाहलव करायची, म्हणजे ते थांबणं दिसू नये. नक्कल करणाऱ्याला नवं काही मिळू नये एवढीच काळजी घेत होती ती. मग एका संध्याकाळी चिमणी बाहुलीला निजवताना मधेच थबकली, म्हणाली, "थांब हं, नळ सोडते," आणि त्याच क्षणी आईनं एका पत्रकावर मदतीसाठी छापलेला फोन नंबर फिरवला. मागं चिमणीनं काहीतरी पाडलं आणि भोकाड पसरलं. पलीकडचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा, दमेकरी, अतिशय मायाळू होता. "लहान मूल आहे होय घरात? अरे अरे. मिस्टर रोज घेतात का?" आता खरं बोलायला काय हरकत होती? तो माणूस तिला दिसतही नव्हता. पण एवढ्या मायेनं कुणी विचारलं की खरं सांगून त्याला ओशाळवाणं करायचं म्हणजे पंचाईत, आणि ती म्हणाली, "बरीच." "हं. बाई, त्यांचं त्यांच्यावर सोडा. तुम्ही आधी तुमचं बघा. तुमच्यासारख्यांची बैठक आहे रविवारी दुपारी, वाचनालयाच्या वर, लांब बोळाच्या टोकाला. जाल ना?" तुमच्यासारख्यांची, हे शब्द तिनं धरून ठेवले. आपल्यासारख्यांची. नवऱ्याला क्षणात दारुडा करून मिळवलेला पत्ता, पण पत्ता तर होता. तिनं मनाशी ठरवलं, ही शेवटची. ही नाही जमली तर शोधणं बंद. आणि शोधणं बंद म्हणजे काय, ते कोनाड्यात साबणाच्या डब्यामागं उभंच होतं.

रविवारी तिला उशीर झाला. चिमणीला एकच मोजा घालायचा होता, दुसरा नको होता, आणि त्यावर फार मोठी चर्चा झाली, शेवटी नवरा म्हणाला, "जा तू, आम्ही एका मोज्यानं बागेत जातो. फॅशन आहे." वाचनालयाचा जिना जुन्या कागदांच्या वासाचा. वर लांब बोळ, टोकाला समोरासमोर दोन खोल्या. डावीकडचं दार बंद, उजवीकडचं उघडं. आत घोड्याच्या नालेच्या आकारात खुर्च्या मांडलेल्या, सगळ्या भरलेल्या, फक्त नालेच्या तोंडाशी, सगळ्यांकडं तोंड करून असलेली एक रिकामी. उशिरा आलेल्या माणसाला निवड नसते. ती मान खाली घालून गेली आणि त्या खुर्चीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. मग तिच्या लक्षात आलं, की खोली गप्प झालीय. तळघरासारखी नाही, नळ बंद केल्यासारखी नाही; एखाद्यानं पाण्यात पाय ठेवावा आणि बाकीच्यांनी, आता हा ओरडतो की काय, म्हणून बघत राहावं तशी. मधोमध बसलेली पांढऱ्या आखूड केसांची बाई, बोलण्यावरून नंतर कळलं की निवृत्त नर्स, काहीतरी सांगायला पुढं झुकली, तोंड उघडलं, तिच्याकडं नीट पाहिलं, आणि मिटलं. "चला," ती म्हणाली, "मास्तर, तुमचं चालू होतं."

मास्तर म्हणजे काटकुळे, स्वेटरच्या कोपरांना ठिगळ लावलेले गृहस्थ. त्यांनी खाकरून थेट तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तर बाळ, तुझे बूट मी दारातच ठेवलेत. पॉलिशही करतो. लोक विचारतात, मुलगा घरी आहे का? मी म्हणतो, आहे ना, झोपलाय." तिनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. "आज त्यांना खरं सांगितलं, म्हणून तुलाही सांगतो. बूट आता आत उचलून ठेवणार. तू आलास तर विचार, काढून देईन." ते थांबले. त्यांच्या शेजारी एक गोल, पीठ लागल्यासारख्या गोऱ्या हातांची बाई बसली होती, पाव भाजणाऱ्या दुकानातली, ती खुर्चीतल्या खुर्चीत पुढं सरकली आणि तिच्याकडं बोट नाचवत म्हणाली, "आता माझं ऐक, राजा. काल मी तुझी वाट न बघता जेवले. आणि सांगू? चांगलं लागलं. गरम होतं ना!" सगळे खळखळून हसले. "तू आलास मग आपला भिंत धरत धरत, म्हणालास, मला नाही वाढणार? मी म्हटलं, हात आहेत ना, ज्यानं धरतोस त्यानंच वाढून घे. रागावू नकोस हं." जरा विचार करून ती म्हणाली, "किंवा रागाव. रागाव, हो. मला काय!" आणि रुमालानं नाक शिंकरलं.

तिचे कान तापले. तुमच्यासारख्यांची बैठक. फोनवरच्या त्या म्हाताऱ्यानं तिला कुणासारखं समजलं ते आता उलगडलं, आणि ही खुर्ची का रिकामी होती तेही. हे पिणाऱ्यांच्या घरचे लोक होते. बायका, आई-बाप, भावंडं. आणि ज्यांच्यापायी ते इथं येऊन बसले होते, ज्यांना ओढून आणता येत नव्हतं, त्यांच्यासाठी हे दर वेळी एक खुर्ची मोकळी ठेवत, आणि घरी जे तोंडावर बोलता येत नाही ते त्या खुर्चीशी बोलत. ती त्या खुर्चीत बसली होती. इतक्या खुर्च्यांच्या जगात अवलक्षणी माणसानं नेमकी आपलीच खुर्ची गाठावी! उठायला हवं होतं. पण पाय उठेनात, आणि खरं सांगायचं तर ते भीतीनं नाही. पिणारा माणूस नेहमी या चेहऱ्यांकडं पाठ करून असतो; दार लावून, पडद्यामागं, कुशीवर भिंतीकडं वळून. समोरून हे असं दिसतं तर. दुकानात ती स्टुलावर असते आणि गिऱ्हाईक खुर्चीत. आज ती खुर्चीत होती आणि एकेक जण पुढं येऊन तिच्या डोळ्यांपुढं आपलं भिंग टाकत होता. हे दिसतं? आणि हे? कोपऱ्यातला बसचालक गणवेशातच आला होता, तो इतका लाजला की टोपीकडं बघून बोलला, "दादा, आई विचारत होती," एवढंच, आणि टोपी बोटांवर फिरवत राहिला. मास्तरांच्या नजरेत तिनं दारातले पॉलिश केलेले बूट पाहिले. यात नवरा कुठल्या खुर्चीत बसला असता? काय म्हणाला असता? तो भांडी विसळताना बोलतो तसंच बोलला असता, पाठमोरा. आणि तिला प्रथमच वाटलं, त्यानं तसं पाठमोरं राहणं म्हणजे तिला पडदा देणं होतं.

मग एक उंच बाई बोलायला लागली. तिच्यापेक्षा पुष्कळ मोठी, केसांत पांढरे पट्टे, कॉलरला टाचण्या टोचलेल्या, बाहीवर निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. कपडे शिवणारी असणार. तिनं बराच वेळ नुसतं पाहिलं. म्हणाली, "आई, आज मी भांडायला नाही आले." एवढ्या मोठ्या बाईचा आवाज नव्हता तो, हाक तर अगदी लहान मुलीची होती. "दुकानात परवा एक बाई माप द्यायला आली. तिला तो वास येत होता. आणि मला काय झालं माहितीये? मला वाटलं, ही आता मला जवळ घेणार. खरंच. पन्नाशीला आले मी, हातात टेप घेऊन उभी, आणि वाट बघतेय. कारण तू नुसती असलीस की दमलेली असायचीस, चिडलेली असायचीस, मला म्हणायचीस, लुडबूड करू नकोस. आणि ते घेऊन आलीस की हसत यायचीस. काय हसायचीस गं! म्हणायचीस, चल, आपण पाहिजे तेवढं खेळू. मग मी आपली वाट बघायचे, आई कधी घेते. मीच तुला आठवण करायचे एकेकदा, आई, जाऊन ये ना आत." ती थांबली. दोऱ्याचा तुकडा बोटानं चोळत राहिली. "हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. खालून वाचनालयात कुणीतरी खुर्ची सरकवली. खुर्चीनं बोलायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ते त्या खोलीत भिंतींइतकं स्पष्ट होतं. ती खुर्ची गप्प राहते म्हणूनच तर हे सगळे बोलू शकत होते. तरी तिला विचारायचं होतं. इतकं जवळून कुणाला विचारायची संधी मिळते? तिच्या समोर पन्नाशीची चिमणी बसली होती. तिचा आवाज निघाला तो अंधाऱ्या खोलीतला, भिंग बदलतानाचा, हलका, कुतूहलाचा. "तुला कधी कळलं?"

नर्सबाईंनी मान वर केली. पाववाली बाई "अगं बाई" म्हणाली. उंच बाई दचकली नाही. जणू तिनं आयुष्यभर याचीच तयारी केली होती. "कळायचं काय त्यात," ती म्हणाली. "मला आधीपासून माहीतच होतं. ते काय आहे, ते मागाहून कळलं."

"मग मी थांबले का?"

आता मात्र उंच बाईनं तिच्याकडं आई म्हणून नव्हे, तीच म्हणून पाहिलं. पिशवी पाहिली, पिशवीतून डोकावणारा लहान मोजा पाहिला, तोच, चिमणीनं नाकारलेला. मग परत डोळ्यांत पाहिलं. "थांबलीस ना," ती सावकाश म्हणाली. "पुष्कळदा थांबलीस. एकटीच थांबायचीस, कुणाला न सांगता, गुपचूप. म्हणून पुन्हा सुरू केलीस की तेही कुणाला ऐकू यायचं नाही."

मग नर्सबाईंनी गुडघ्यांवर हात टेकून श्वास सोडला. "ताई, इतकी वर्षं ही खुर्ची मांडतोय. हिच्यात कुणी बसलं नव्हतं."

"मी उठते. मला माहीत नव्हतं. फोनवर त्यांनी–"

"आता उठून काय करता, आमचं सगळं ऐकून झालं," पाववाली बाई म्हणाली, आणि ते हसणं खोलीभर पसरलं, मास्तरांपर्यंतसुद्धा. "निदान एक जण तरी आलं म्हणायचं!"

"फोनवर तो दमेकरी बाबा ना?" नर्सबाई म्हणाल्या. "तो प्रत्येक बाईला इकडंच पाठवतो. बाया पितात हे त्याच्या गावीच नाही बिचाऱ्याच्या." त्यांनी बोळाकडं हात केला. "तुमची ती समोरची खोली. आमचं आटोपलं की त्यांचं सुरू होतं. सगळ्या तऱ्हेची माणसं आहेत, नीटनेटकं काही नाही, आधीच सांगते. आणि खुर्च्या कायम कमी."

"आमच्याकडं रिकाम्या, तिकडं माणसं उभी," पाववाली म्हणाली. "संसारच आहे तो."

लोक उठले, पेले गोळा झाले. ती उभी राहिली तशी उंच बाई जवळ आली. जवळून तिला खडूचा आणि इस्त्रीच्या वाफेचा वास होता. तिनं काही विचारलं नाही, तिच्या कोटाचं एक लोंबतं बटण दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "सुटायला आलंय. पुढच्या रविवारी लवकर ये जरा, टाका घालून देते." मग वाकून ती खुर्ची उचलली आणि तिच्या हातात दिली. "ही घेऊन जा."

"आणि तुम्हाला?"

"आम्ही दुसरी मांडू. रिकाम्या खुर्चीला काय तोटा."

बोळ रुंद नव्हता, खुर्चीचे पाय एकदा भिंतीला घासले. समोरच्या दारामागून बोलण्याचा आवाज येत होता, कुणीतरी खोकत होतं, कुणीतरी चमचा वाजवत होतं, एक बाई मोठ्यानं म्हणत होती, "अरे पण साखर कुणी संपवली?" ही पुरुषी असेल, की सपाट, की आणखी काही? तिला उत्सुकता होती, पण आता ती वेगळ्या जातीची होती. खालची बारीक ओळ वाचायची असेल तर माणूस जसा आपण होऊन जरा पुढं झुकतो, तशी. कोनाड्यातली बाटली तिच्या मनात आली. योग्य बैठक सापडली की मोरीत ओतायची, पण एकटीनंच, गुपचूप, नळ सोडून, असंच तिनं योजलं होतं. ओततानाही कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आता ते बदलावं लागणार होतं. संध्याकाळी नवरा भांडी विसळत असेल, त्याला म्हणायचं, इकडं तोंड कर, आणि त्याच्यासमोर ते दार उघडायचं.

खुर्ची काखेत मारून तिनं दाराच्या मुठीला हात घातला. हे दारही जुनं, जरासं झुकलेलं होतं. मनगट आपसूक वर गेलं, उचलून उघडायला. इतक्या वर्षांची सवय. मग तिनं मनगट सैल सोडलं आणि दार नुसतंच ढकललं. ते करकरलं, लांबलचक, बेसूर, पार शेवटपर्यंत. आतले सगळे चेहरे एकदम दाराकडं वळले. भिंतीला टेकून उभा असलेला एक लठ्ठ, लालबुंद चेहऱ्याचा माणूस चहाचा पेला हातात घेऊन लगबगीनं पुढं आला, आणि ती त्याला ओळखेपर्यंत त्यानं तिला ओळखलं.

"वहिनी! तुम्ही होय? अहो, घरच्यांची समोरच्या खोलीत असते. साहेब लावतायत का अजून गाडी?"

"तिथूनच आले मी," ती म्हणाली. "आणि साहेब नाहीत. मीच."

तिनं खुर्ची खाली ठेवली. खुर्चीचाही आवाज झाला.